जुन्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट : दोषांचा शोध आणि तेलाची निगा

मोसमातील पहिल्या चांगल्या पावसानंतर जमिनीला वाफसा येतो. हलक्या जमिनीत तो लवकर येतो आणि लवकर सरतो. भारी काळ्या जमिनीत थोडा उशिरा येतो. कोठेही असला तरी त्याचे दिवस मोजकेच असतात आणि पेरणीचे सारे गणित त्या दिवसांवर बेतलेले असते. नेमक्या याच वेळी ट्रॅक्टरमागील अवजार उचलेनासे झाले, तर इंजिन चालू असून, गिअर पडत असून आणि चाके फिरत असूनही शेतातील काम ठप्प होते. बांधाच्या टोकाला नांगर वर घेता आला नाही, तर ट्रॅक्टर वळविताच येत नाही.

हा प्रश्न केवळ ट्रॅक्टरमालकापुरता मर्यादित नाही. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार देशातील वहिवाटीच्या खात्याचे सरासरी क्षेत्र १.०८ हेक्टर असून ८६ टक्क्यांहून अधिक खाती अल्प व अत्यल्प भूधारकांची आहेत. एवढ्या लहान क्षेत्रासाठी नवा ट्रॅक्टर घेणे बहुतेकांना परवडत नाही. त्यामुळे हे शेतकरी एक तर भाड्याच्या ट्रॅक्टरवर अवलंबून असतात किंवा दुसऱ्या-तिसऱ्या हातचा, वीस-पंचवीस वर्षे वापरलेला ट्रॅक्टर खरेदी करतात. गावातील असा एक ट्रॅक्टर बंद पडला, की त्याच्यावर विसंबलेल्या अनेक कुटुंबांची पेरणी लांबते.

लिफ्ट चालेनाशी झाली, की सर्वप्रथम संशय पंपावर घेतला जातो. घाईघाईने पंप उघडला जातो, महागडे सुटे भाग आणले जातात आणि कित्येकदा अखेरीस असे आढळते, की तेलाची पातळी कमी होती किंवा तळातील गाळणी गाळाने भरली होती. लिफ्टच्या दोषाचा शोध तेलापासून सुरू करून पंपाशी संपवावा, हे या लेखाचे मुख्य सूत्र आहे. हा क्रम पाळल्यास खर्चही वाचतो आणि हंगामही साधतो.

तीन बिंदूंच्या जोडणीचा उगम

ट्रॅक्टरच्या सुरुवातीच्या काळात नांगर मागे साखळीने किंवा दांड्याने ओढला जात असे. नांगर एखाद्या दगडाला किंवा मुळाला अडकला, तर ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलला जाऊन तो चालकावर उलटण्याचा धोका होता. उत्तर आयर्लंडमधील अभियंते हॅरी फर्ग्युसन यांनी १९२० च्या दशकात यावर उपाय शोधला. खाली दोन आणि वर एक अशा तीन बिंदूंवर अवजार जोडायचे व ते तेलाच्या दाबाने वर-खाली करायचे, अशी ही रचना होती. १९३६ मध्ये ती असलेला ट्रॅक्टर बाजारात आला. आज जगभरातील बहुतेक शेती ट्रॅक्टरांची मागील जोडणी याच तत्त्वावर आधारलेली आहे.

या रचनेत अवजार केवळ उचलले जात नाही. नांगर खोल गेला किंवा जमीन कठीण लागली, की ओढीचा ताण वाढतो. हा ताण वरच्या जोडदांड्यातून, म्हणजे टॉप लिंकमधून, एका भक्कम स्प्रिंगपर्यंत पोहोचतो. स्प्रिंग दबली, की नियंत्रण व्हॉल्व्ह उघडतो आणि नांगर किंचित वर येतो; ताण कमी झाला, की तो पुन्हा खाली जातो. यालाच ड्राफ्ट कंट्रोल म्हणतात. याउलट अवजार जमिनीपासून ठराविक उंचीवर स्थिर ठेवण्याच्या व्यवस्थेला पोझिशन कंट्रोल असे नाव आहे.

भारतात ट्रॅक्टरची निर्मिती १९५९ मध्ये फरिदाबाद येथे आयशर ट्रॅक्टरपासून सुरू झाली. १९६० मध्ये मद्रास येथे स्थापन झालेल्या टॅफे कंपनीने मॅसी फर्ग्युसन ट्रॅक्टर देशात बनविले. पिंजोर येथील एच.एम.टी. कारखान्यात १९७१ पासून झेटर कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर तयार होऊ लागले. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेला संपूर्ण देशी बनावटीचा स्वराज ट्रॅक्टर १९७४ मध्ये पंजाबात बाजारात आला. या पिढ्यांतील अनेक यंत्रे अद्याप शेतात राबत आहेत. त्यांपैकी काहींचे मूळ कारखाने आता राहिलेले नाहीत; एच.एम.टी.चा ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१६ मध्ये मंजुरी दिली. अशा यंत्रांच्या बाबतीत मालकाचे स्वतःचे ज्ञान हाच मोठा आधार ठरतो.

लिफ्ट कशी चालते?

बंदिस्त द्रवावर दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पसरतो, या पास्कलच्या नियमावर लिफ्टचे कार्य चालते. पंप तेलाला दाब देतो. ते तेल नियंत्रण व्हॉल्व्हमधून लिफ्टच्या सिलिंडरमध्ये जाते आणि पिस्टनला ढकलते. पिस्टन आडव्या शाफ्टला फिरवितो आणि शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या भुजा अवजार उचलतात. उदाहरणार्थ, सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर असेल, तर पिस्टनचे क्षेत्रफळ सुमारे ५० चौरस सेंटिमीटर होते. तेलाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला १५० किलो असल्यास पिस्टनवर सुमारे साडेसात हजार किलोंचा जोर येतो. भुजांच्या लांबीमुळे प्रत्यक्ष उचल यापेक्षा बरीच कमी भरते. तरीही पस्तीस अश्वशक्तीच्या सुमारास असलेला ट्रॅक्टर हजार किलोंच्या आसपासचे वजन उचलू शकतो.

जुन्या ट्रॅक्टरांत पंपाच्या दोन रचना प्रामुख्याने आढळतात. मॅसी फर्ग्युसन ३५ आणि त्यापासून भारतात विकसित झालेल्या १०३५ या घराण्यात चार पिस्टनांचा पंप मागील घरात, तेलात बुडालेला असतो. तो पी.टी.ओ. शाफ्टवर चालतो. गिअर, डिफरन्शियल आणि लिफ्ट या सर्वांना एकच तेल पुरते आणि ते सुमारे ३० लिटर लागते. दुसऱ्या रचनेत इंजिनवर किंवा गिअर बॉक्सवर बसविलेला गिअर पंप असतो. तो नळीवाटे तेल ओढतो व दुसऱ्या नळीने लिफ्टकडे पाठवितो. पहिल्या रचनेत गळती व बिघाड बहुधा आतल्या आत घडतात; दुसऱ्या रचनेत नळ्या व त्यांचे सांधे ही तपासणीची महत्त्वाची ठिकाणे ठरतात.

लिफ्टचा सिलिंडर बहुधा एकाच दिशेने काम करतो. तेल अवजाराला वर नेते. खाली मात्र ते स्वतःच्या वजनाने येते. म्हणून मागे अवजार नसताना भुजा आपोआप खाली येत नाहीत, याला बिघाड समजू नये.

प्रथम सुरक्षितता

कोणतीही तपासणी करण्यापूर्वी एक नियम कटाक्षाने पाळावा. उचललेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नये. तेलाचा दाब हा आधार नव्हे. एखादी ओ-रिंग फाटली किंवा कोणाचा हात लिव्हरला लागला, तर शेकडो किलोंचे अवजार क्षणात खाली येते. काम करायचेच असेल, तर अवजार जमिनीवर टेकवावे किंवा त्याखाली भक्कम लाकडी ठोकळे लावावेत, इंजिन बंद करावे आणि चाकांना अडण द्यावी.

दाबाखालील नळीला बारीक छिद्र पडले असल्यास त्यातून निघणारी तेलाची धार डोळ्यांना दिसत नाही, पण ती कातडी भेदून आत जाऊ शकते. म्हणून गळती हाताने चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा धरून तिचा शोध घ्यावा. अशी इजा झाल्यास जखम लहान दिसली तरी विनाविलंब रुग्णालयात जावे.

तपासणीची सुरुवात : तेल

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करावा. लिफ्ट पूर्ण खाली घ्यावी, इंजिन बंद करावे आणि काही मिनिटे थांबून तेलाची पातळी पाहावी. मोजपट्टी बाहेर काढण्यापूर्वी तिच्या सभोवतालची धूळ व माती पुसून घ्यावी. अन्यथा तपासणीच दोषाला कारण ठरते. पुसण्यासाठी धागे सुटणारी चिंधी वापरू नये, कारण तेच धागे पुढे गाळणीत अडकतात.

हायड्रॉलिक पद्धतीने उलटणारी ट्रॉली वापरणाऱ्यांनी विशेष दक्षता घ्यावी. ट्रॉलीचा जॅक ट्रॅक्टरमधीलच तेल वापरतो. ट्रॉली वर असताना बरेच तेल जॅकमध्ये गेलेले असते. म्हणून पातळी ट्रॉली खाली असतानाच पाहावी. एकच ट्रॉली निरनिराळ्या ट्रॅक्टरांना जोडली जात असेल, तर एका यंत्रातील पाणी, माती आणि वेगळ्या प्रकारचे तेल दुसऱ्यात पोहोचते. जोडनळीचे तोंड प्रत्येक वेळी पुसणे आणि वापरात नसताना झाकणे, हा साधा उपाय बराच त्रास वाचवितो.

पातळीनंतर तेलाचे रूप पाहावे. स्वच्छ तेल पारदर्शक व सोनेरी किंवा तपकिरी असते. काळपट आणि जळका वास येणारे तेल अतिउष्णतेने खराब झालेले असते. फेसाळ तेलात हवा शिरलेली असते. दुधाळ किंवा ताकासारखे दिसणारे तेल पाण्याची साक्ष देते. खात्री करायची असल्यास काचेच्या बाटलीत थोडे तेल रात्रभर ठेवावे; मोकळे पाणी तळाशी बसते. किंवा गरम तव्यावर तेलाचे दोन-तीन थेंब टाकावेत. पाणी असल्यास ते तडतडतात. ही चाचणी इंधनाच्या व तेलाच्या डब्यांपासून दूर, चेहरा बाजूला ठेवून करावी.

तेलात पाणी येते कोठून? भातखाचरांतील चिखलणीत ट्रॅक्टरचा मागील भाग पाण्यात राहतो आणि झिजलेल्या ऑइल सीलमधून पाणी आत शिरते. पश्चिम बंगालपासून आंध्र प्रदेशापर्यंतच्या आणि कोकणातीलही भातपट्ट्यांत हे नेहमीचे कारण आहे. उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या गिअर लिव्हरवरील रबरी टोपी फाटली असेल, तर पावसाचे पाणी थेट गिअर बॉक्समध्ये उतरते. जोरदार धारेने ट्रॅक्टर धुतल्यानेही तेच घडते. शिवाय दिवसा तापणाऱ्या व रात्री थंडावणाऱ्या घरात हवेतील बाष्प साठते. रबरी टोपी बदलणे हा सर्वांत स्वस्त उपाय असूनही तोच सर्वाधिक दुर्लक्षित राहतो.

लक्षणांवरून निदान

तेल योग्य व पुरेसे असूनही तक्रार कायम राहिल्यास लक्षणांकडे वळावे. येथे एक भेद लक्षात ठेवावा : दाब म्हणजे ताकद आणि प्रवाह म्हणजे वेग. हलके अवजार नीट उचलले जाते, पण जड उचलत नाही, तेव्हा दाब अपुरा आहे. हलके असो वा जड, दोन्ही उचलले जातात पण सावकाश, तेव्हा प्रवाह अपुरा आहे. एवढ्या एका निरीक्षणाने शोधाची दिशा निम्म्याहून अधिक निश्चित होते.

लिफ्ट मुळीच उचलत नसेल, तर आधी लिव्हर पाहावेत. ज्या ट्रॅक्टरांत पंप पी.टी.ओ. शाफ्टवर चालतो, त्यांत पी.टी.ओ. लिव्हर न्यूट्रलमध्ये असल्यास पंप फिरतच नाही. अशा रचनेत क्लच पूर्ण दाबल्यावर लिफ्ट थांबणे हेही स्वाभाविक आहे. ट्रॉलीकडे तेल वळविणारी कळ चुकीच्या स्थितीत राहिली असल्यास सिलिंडरला तेल मिळत नाही. हे सर्व ठीक असेल, तर क्रमाने शोषणाची गाळणी, नियंत्रण व्हॉल्व्ह अडकणे, आतील जोडकांड्या निखळणे आणि रिलीफ व्हॉल्व्ह उघडा राहणे ही कारणे तपासावीत. पंप सर्वांत शेवटी उघडावा.

लिफ्ट सावकाश उचलत असेल, तर ती केव्हा सावकाश होते, हे पाहावे. पंजाब-हरियाणातील हिवाळ्यात सकाळी लिफ्ट मंद असून तेल तापल्यावर सुधारत असेल, तर तेल प्रमाणापेक्षा दाट आहे किंवा गाळणी अंशतः तुंबली आहे. उलट, सकाळी चांगली चालणारी लिफ्ट दुपारी दम तोडत असेल, तर झीज हे कारण संभवते. तापल्यावर पातळ झालेले तेल पंपाच्या, व्हॉल्व्हच्या किंवा पिस्टनच्या झिजलेल्या फटींतून निसटते. अशा वेळी अधिक दाट तेल ओतण्याचा मोह होतो. त्याने काही दिवस बरे वाटते. परंतु थंड असताना तेच दाट तेल पंपापर्यंत वेळेवर पोहोचत नाही, पंप उपाशी राहतो आणि झीज अधिकच वाढते.

लिफ्ट उचलते, पण धरून ठेवत नाही, ही जुन्या ट्रॅक्टरांची ठरलेली तक्रार होय. इंजिन चालू असताना अवजार थोडे खाली येते, लगेच वर जाते आणि दर काही सेकंदांनी जणू डुलक्या घेते. सिलिंडरमधून तेल निसटत असते आणि नियंत्रण व्हॉल्व्ह ते वारंवार भरून काढत असतो, असा याचा अर्थ. चाचणी सोपी आहे. अवजार उचलून इंजिन बंद करावे व दूर उभे राहून पाहावे. ते काही तासांत हळूहळू उतरले, तर जुन्या यंत्रात ते चालण्यासारखे आहे. काही मिनिटांतच जमिनीला टेकले, तर पिस्टनची सील, ओ-रिंग किंवा तेल अडवून धरणारा व्हॉल्व्ह यांपैकी काहीतरी निकामी झाले आहे. येथे पंप निर्दोष असतो, कारण इंजिन बंद असताना तो काहीच काम करीत नाही. डुलक्यांसाठी पंप बदलणे म्हणजे गळका माठ सोडून विहीर उपसण्यासारखे आहे.

कण्हल्यासारखा किंवा शिट्टीसारखा आवाज पंपाला पुरेसे तेल मिळत नसल्याचे दर्शवितो. पातळी कमी असणे, गाळणी तुंबणे किंवा शोषण नळीच्या सांध्यातून हवा ओढली जाणे ही त्याची कारणे आहेत. शोषणाच्या बाजूने तेल बाहेर गळत नाही, हवा आत जाते. म्हणून सांधा कोरडा दिसला तरी तो सैल असू शकतो. लिफ्ट शेवटपर्यंत वर गेल्यावर सतत कर्कश आवाज येत असेल, तर रिलीफ व्हॉल्व्ह उघडून तेल परत फिरत आहे. लिव्हर किंचित खाली घेतल्यास तो थांबावा. न थांबल्यास आतील जोडकांड्यांचे समायोजन बिघडले आहे. तसेच काम सुरू ठेवल्यास तेल तापते आणि सील कडक होऊन फुटतात.

अवजार खाली येत नसेल, तर उतरण्याचा वेग ठरविणारी कळ बंद आहे काय, हे आधी पाहावे. त्यानंतरच व्हॉल्व्ह अडकल्याचा विचार करावा. नांगर एकसारख्या खोलीवर चालत नसेल, तर टॉप लिंक योग्य छिद्रात जोडली आहे काय आणि तिच्यामागील स्प्रिंग सैल अथवा गंजलेली तर नाही ना, हे तपासावे. हा दोष तेलाचा नसतोच.

तेलाची पातळी वारंवार कमी होत असेल आणि बाहेर गळती दिसत नसेल, तर ते कोठे जाते, याचा शोध घ्यावा. काही रचनांत पंपाच्या शाफ्टवरील सील झिजल्याने लिफ्टचे तेल इंजिनमध्ये जाते; अशा वेळी इंजिन तेलाची पातळी न भरताच वाढलेली दिसते. मागील धुरीच्या सीलमधून निसटलेले तेल ब्रेकच्या ड्रममध्ये गेल्यास कोरडे ब्रेक घसरू लागतात. तेव्हा हा प्रश्न लिफ्टपुरता उरत नाही. उसाने भरलेल्या ट्रॉलीसह उतारावरून येणाऱ्या चालकाच्या जिवाशी त्याचा संबंध येतो.

तेल बदलताना

तीस लिटर तेल एकदम बदलण्याचा खर्च मोठा असल्याने वर्षानुवर्षे केवळ भर घालण्याची प्रथा पडली आहे. त्यातही इंजिनमधून काढलेले काळे तेल लिफ्टमध्ये ओतले जाते. या तेलात काजळी, आम्ले आणि धातूचे सूक्ष्म कण असतात. पंप व व्हॉल्व्ह यांच्या भागांमधील फटी केसाहूनही बारीक असतात. त्यांच्यासाठी असे तेल म्हणजे कानसच होय. ब्रेक फ्लुइडचा वापरही सर्वथा टाळावा, कारण ते खनिज तेलात मिसळत नाही आणि खनिज तेलासाठी बनविलेल्या सीलांना चालत नाही.

तेलाची प्रत ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेनुसारच निवडावी. ज्या ट्रॅक्टरांचे ब्रेक तेलात बुडालेले असतात, त्यांना गिअर, लिफ्ट व ब्रेक या तिन्हींसाठी बनविलेले विशिष्ट तेल लागते. साधे गिअर तेल घातल्यास ब्रेक करकरतात किंवा नीट लागत नाहीत. पुस्तिका हरवली असल्यास अधिकृत विक्रेत्याकडून यंत्राचे मॉडेल व वर्ष सांगून खातरजमा करावी.

काम संपवून आल्यावर, तेल कोमट असतानाच ते काढावे. त्यामुळे तरंगणारा गाळही सोबत निघतो. निचरा बूच काढल्यावर प्रथम पाणी आले, तर त्याची नोंद घ्यावी. काढलेल्या तेलात लोहचुंबक फिरवावे. चुंबकाला चिकटणारी बारीक भुकटी वयोमानानुसार अपेक्षित असते. टोकदार तुकडे मात्र गिअर किंवा बेअरिंग तुटल्याची सूचना देतात. चुंबकाला न चिकटणारे पिवळसर कण बुशिंगच्या झिजेचे, तर काळे मऊ तुकडे सील तुटल्याचे लक्षण होय. गाळणी डिझेलने धुऊन, वाळवून बसवावी. फाटली असल्यास बदलावी. गाळणीशिवाय ट्रॅक्टर चालविण्याची चूक कदापि करू नये. तेल दुधाळ असल्यास एका बदलाने भागत नाही. नवे तेल भरून थोडे चालवावे, पुन्हा तपासावे आणि आवश्यक तर पुन्हा बदलावे. मात्र त्याआधी पाणी शिरण्याची वाट बंद करावी.

नवे तेल भरल्यावर इंजिन मंद गतीने चालवून लिफ्ट आठ-दहा वेळा वर-खाली करावी. त्यामुळे अडकलेली हवा निघून जाते. त्यानंतर पातळी पुन्हा पाहावी. काढलेले तेल बांधावर, ओढ्यात किंवा विहिरीजवळ ओतू नये. धोकादायक कचऱ्याविषयीच्या २०१६ च्या नियमांत वापरलेल्या तेलाचा समावेश आहे. ते बंद डब्यात साठवून पुनर्प्रक्रियेची परवानगी असलेल्यांपर्यंत पोहोचेल, असे पाहावे.

मेकॅनिककडे केव्हा जावे?

पातळी, तेल, गाळणी, लिव्हर आणि बाहेरील सांधे ही पाच ठिकाणे मालकाला स्वतः तपासता येतात. त्यापुढील काम जाणकाराचे आहे. लिफ्टचे वरचे झाकण उघडणे, पंप काढणे आणि आतील जोडकांड्यांचे समायोजन करणे यांसाठी विशिष्ट साधने व अनुभव लागतो. पंप दोषी ठरविण्यापूर्वी दाबमापक लावून दाब मोजण्याचा आग्रह मालकाने धरावा. दाब पुस्तिकेतील आकड्याइतका भरला, तर दोष अन्यत्र आहे.

उचल कमी पडते म्हणून रिलीफ व्हॉल्व्हच्या स्प्रिंगखाली वॉशर घालून दाब वाढविण्याचा प्रकार काही ठिकाणी आढळतो. रिलीफ व्हॉल्व्ह ही यंत्राची सुरक्षाझडप आहे. ती जखडून ठेवल्यास लिफ्टचे झाकण तडकणे, भुजा वाकणे किंवा पंप फुटणे यांपैकी काहीही घडू शकते. अवजारच क्षमतेबाहेरचे असल्यास उपाय व्हॉल्व्हमध्ये नसून अवजाराच्या निवडीत आहे. अलीकडची रुंद व जड अवजारे जुन्या पस्तीस अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला जोडताना हे ध्यानात घ्यावे. अवजाराचे वजन ट्रॅक्टरपासून जितके दूर, तितका लिफ्टवरील भार अधिक.

प्रशिक्षणाची गरज

यंत्राची संख्या वाढणे आणि यंत्र कार्यक्षम राहणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. मध्य प्रदेशातील बुदनी येथे १९५५ पासून ट्रॅक्टर प्रशिक्षणाची परंपरा आहे. हरियाणातील हिसार, आंध्र प्रदेशातील गार्लादिन्ने आणि आसाममधील बिश्वनाथ चारियाली येथेही केंद्र सरकारच्या कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था स्थापन झाल्या. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्ये ट्रॅक्टर मेकॅनिक हा अभ्यासक्रम शिकविला जातो. २०१४-१५ मध्ये सुरू झालेल्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानातून अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्रांना अर्थसाहाय्य देण्यात आले. अशा केंद्रांनी अवजारांच्या यादीइतकेच महत्त्व देखभालीच्या नोंदवहीला दिले पाहिजे. कोणत्या तारखेला, किती तासांनी, कोणते तेल भरले आणि गाळणीत काय सापडले, एवढ्या चार नोंदीही पुढील दुरुस्तीला दिशा देतात.

हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर छपराखाली उभा करण्यापूर्वी तेल व गाळणी तपासली, फाटलेली रबरी टोपी बदलली आणि लिफ्ट खाली टेकवून ठेवली, तर पुढील मृगात धावाधाव टळते. जुन्या यंत्रातील झीज थांबविता येत नाही. परंतु तिचा वेग कमी करणे मालकाच्या हाती आहे. लिफ्ट आपल्या दोषांची सूचना आवाजातून, वेगातून आणि तेलाच्या रंगातून आधीच देत असते. ती सूचना वेळीच ओळखणाऱ्या शेतकऱ्याचा वाफसा वाया जात नाही आणि त्याच्या ट्रॅक्टरची वाट पाहणाऱ्या शेजाऱ्यांचाही.